बायोडाट्यातली शेवटची ओळ

आमच्याकडे बायोडाटा म्हणजे लग्नाचाच. वरती गणपती, खाली उंची, वर्ण, मामेकुळ आणि सगळ्यात शेवटी अपेक्षा. नोकरीसाठीही तसा एक कागद लागतो आणि त्यालाही बायोडाटाच म्हणतात, हे आमच्या गावात फार कोणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तरी मी आईला पाठवलं, म्हणून दोष द्यायचा तर तो मला द्यावा.

अमरावतीला नर्सिंगची तीन वर्षं पूर्ण करून मी चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावी येऊन बसले होते. दवाखान्यांमध्ये हातानं लिहिलेले अर्ज देऊन झाले होते. एका ठिकाणी काउंटरवरच्या बाईंनी माझा अर्ज दोन बोटांत धरून परत दिला आणि म्हणाल्या, टाइप केलेला बायोडाटा आणा. मला ते फार लागलं. दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही.

आई भाजी विकायची. बाजाराच्या दिवशी ती मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून निघाली, तेव्हा मी तिच्या हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिली. म्हटलं, "नोकरीसाठी पायजे. झेरॉक्सवाल्याजवळून मायावाला बायोडाटा टाइप करून आणजो."

आईला वाचता येत नव्हतं. झेरॉक्सवाल्यानं पोरीची आई पाहिली, बायोडाटा हा शब्द ऐकला आणि त्याच्याकडे तयार असलेला नमुना उघडला. चिठ्ठीत नव्हतं ते तो विचारत गेला, आई सांगत गेली. संध्याकाळी तिनं तो कागद पिशवीतून काढून प्रसादासारखा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

वरती गणपती. खाली 'वर्ण: गोरा'. मी चांगली सावळी आहे. आईनं मला एका ओळीत उजळवून टाकलं होतं. आज हसू येतं. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली आणि पुढचं मी वाचलंच नाही.

"हे लग्नाचं हाय. दवाखान्यावाले का मले पाहाले येणार हायेत?"

"मले का मालूम बाई? त्यानं पुसलं, म्या सांगतलं."

"समजत नाही तं पुसत काहून नाही?" म्हणत मी कागद टराटरा फाडला.

आई खाली वाकून तुकडे गोळा करू लागली. "कागद तं चांगला होता," एवढंच म्हणाली. तिनं त्याच्या आणखी चार झेरॉक्स काढून आणल्या होत्या. ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याही फाडल्या असत्या.

मग मैत्रिणीच्या मदतीनं मी मोबाईलवर नवा बायोडाटा केला. इंग्रजीत, देखणा. फक्त अनुभवाच्या रकान्यात निरंक. अमरावतीत जिथे दिला तिथे सगळ्यांची नजर नेमकी त्याच रकान्यावर जायची. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशी माझी गत. आई रोज विचारायची, "आला का फोन?" मी खेकसायची. पुढे तिनं विचारणं सोडलं.

दिवाळीच्या आधी तिला कावीळ झाली आणि ती वाढतच गेली. मामा अकोल्याला राहतो, म्हणून तिथल्या दवाखान्यात भरती केलं. नऊ दिवस मी तिच्या खाटेशी होते. सलाईनकडे लक्ष ठेवायचं, कूस बदलायची, औषधांच्या वेळा सांभाळायच्या. माझे हात पाहून तिथल्या सिस्टर विचारायच्या, नर्स आहेस का? मी मान हलवायची. कुठे करतेस, असं विचारलं की मी आईच्या पायावरची चादर सारखी करायची.

दहाव्या दिवशी आई गेली.

तेरवीनंतर महिन्याभरानं अकोल्याहून फोन आला. त्याच दवाखान्याच्या मेट्रन मॅडमनी बोलावलं होतं. आईचा एखादा कागद राहिला असेल, असं वाटलं. अमरावतीला बस बदलून गेले. मॅडमनी टेबलाच्या खणातून चार घड्यांचा एक कागद काढून माझ्यापुढे उलगडला. वरती गणपती होता.

"तुझ्या आईनं दिला. तू चहा आणायला गेली होतीस तेव्हा. उशाखालच्या पिशवीतून काढला आणि म्हणाल्या, 'पोरगी तोंडानं तिखट हाय मॅडम, पन हातानं हळू हाय.' हात मी पाहिलेच होते. आता एक जागा निघाली आहे." मग त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "हे वाचलंस?"

मी वाचलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'अपेक्षा: मुलीला दोन घास बसून खाऊ द्यावे.'

शिकत असताना एकदा घरी येऊन मी कुरकुर केली होती, की वॉर्डात जेवायला मिळत नाही, दाराआड उभ्यानं पोळीचा तुकडा तोंडात टाकावा लागतो. मी ते विसरून गेले होते. झेरॉक्सवाल्याला ती अपेक्षा सासरसाठी वाटली असेल. आईनं ती दवाखान्यासाठी सांगितली होती. तिनं स्वतः सगळा जन्म एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात तराजू धरून काढला होता.

मी मॅडमसमोर ओक्साबोक्शी रडले. तिच्या खाटेशी नऊ दिवसांत रडले नव्हते.

आता मी आईची खाट होती त्याच मजल्यावर काम करते. दुपारी वॉर्डात कितीही गडबड असली तरी मॅडम म्हणतात, "जा, आधी बसून जेव." मी डबा उघडून खुर्चीत बसते. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरत राहतो. कागद खरंच चांगला होता. हे आईला सांगायचं राहून गेलं.