दार नसलेला ट्रक

मला ट्रक चालवता येत नाही. चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात ही अडचण कुणाला वाटली नाही, कारण तिथे तो कुणालाच चालवता येत नव्हता. तरीही तेलविहिरींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रेलर कसा चालवावा याचा कोर्स आम्हीच तयार केला. खडबडीत रस्ता, अरुंद वळण, गाडी मागे घेणं. सगळा मजकूर माझा. मी मूळची साताऱ्याची, शिक्षण मेकॅनिकलचं, आणि वडिलांची जीप एकदा गोठ्याच्या भिंतीवर घातली होती, एवढा माझा अनुभव.

कोर्सच्या शेवटी परीक्षा होती. खुर्ची, स्टिअरिंग आणि समोर तीन मोठे पडदे, त्यांवर कॉम्प्युटरचा रस्ता. ज्या कंपनीसाठी हे केलं, तिच्या विहिरी खाली दक्षिणेत तिरुवारूरच्या बाजूला भातशेतांत होत्या. पास झाल्याशिवाय कोणत्याही ड्रायव्हरला विहिरीच्या आवारात गाडी चालवू द्यायची नाही, असा नियम तिने काढला होता.

चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीला पाइपांचं यार्ड आहे. तिथल्या ड्रायव्हरांची परीक्षा घ्यायला मी पडदे घेऊन गेले. तिसरे आले ते साठीच्या जवळचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून ते मराठीत बोलायला लागले. तंजावरचं मराठी, जुन्या कागदपत्रांत असतं तसं, मधे मधे तमिळ. मी त्यांना मामा म्हणायला लागले, ते मला अम्मा.

मामांनी पडद्यावरची गाडी सुरेख चालवली. मग अरुंद वळण आलं, तिथे त्यांनी ब्रेक लावला आणि मला विचारलं, "दार कोठें?"

"कसलं दार?"

"गाडीचें. उतरून पाहतों, मग वळवतों."

"यात उतरता येत नाही, मामा. आरशात बघून वळवायचं."

"आरशांत मागचें चाक दिसत नाहीं, अम्मा," असं म्हणून ते खुर्चीवरून उठले आणि पडद्याच्या मागे जाऊन बघून आले. कॉम्प्युटरने लगेच नोंद केली: चालकाने आसन सोडले, नापास.

ऑफिसात मी हे मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "उतरायची सोय दिली तर परीक्षा अठरा मिनिटांत संपणार नाही." त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग ठरलं की कोर्सला खरेपणा यावा म्हणून मी एकदा ट्रेलरमध्ये बसून जावं आणि व्हिडिओ काढून आणावेत.

जो ट्रेलर मिळाला तो मामांचाच होता. मी म्हटलं, तुम्ही तर नापास आहात. ते म्हणाले, "सर्टिफिकेट फाटकाच्या आंत लागतें. बाहेर सरकारचा रस्ता."

बाहेरचा म्हणजे चेन्नईला वळसा घालून, एक मुक्काम करून, जवळजवळ सगळी वाट. आतला म्हणजे फाटकापासून विहिरीपर्यंत दोनशे मीटर. हा हिशेब करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण तो आमच्या मॅनेजरच्या वर्गातला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हायवे सोडून कालव्याच्या बांधावर आलो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मधे गाडीपेक्षा हातभर रुंद असा मातीचा रस्ता. माझ्या कोर्सात अशा ठिकाणी 'आत्मविश्वासाने व स्थिर वेगाने' जायला सांगितलं होतं. मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले. व्हिडिओ काढायचा राहिला.

पुढे एका गावात काटकोनात वळण होतं. कोपऱ्यावर चहाचं दुकान, समोर देवळाच्या तळ्याची भिंत. मामा उतरले. सगळं वळण पायी चालले, खांद्यावरच्या पंच्याने भिंतीपासूनचं अंतर मोजलं, एका माणसाला मोटारसायकल हलवायला सांगितली आणि परत आले.

"एकदां मागें घ्यावी लागेल. तुम्ही खाली उभ्या राहून हात दाखवा."

कोर्सातलं हातवाऱ्यांचं प्रकरण माझंच होतं. तेरा चित्रं, खाली तीन भाषांत सूचना. मी ऐटीत गाडीच्या मागे गेले आणि 'या, या' असा हात करायला लागले. गाडी थोडी आली आणि थांबली. इंजिन बंद झालं. मामा सावकाश उतरून मागे आले.

"तुम्ही मला दिसत नाहीं," ते म्हणाले. "मी आरशांत पाहतों तर बाई नाहीं. ट्रेलर आणि भिंत यांच्यामधें उभ्या आहांत."

मी मागे बघितलं. भिंत पाठीपासून वीतभर होती. चहाच्या दुकानातली माणसं हसत नव्हती, हे जास्त लागलं. मामांनी मला चहावाल्याच्या बाकावर बसवलं आणि चहावाल्यालाच हात दाखवायला उभं केलं. एका खेपेत गाडी वळली.

फाटकावर सेफ्टीच्या माणसाने सर्टिफिकेट मागितलं. मामांकडे नव्हतं. त्याने आतल्या पाण्याच्या टँकरवरच्या ड्रायव्हरला बोलावलं. तो आमच्या परीक्षेत शंभरपैकी शहाण्णव मिळवून पास झालेला होता. त्याने मामांच्या जागी बसून ट्रेलर आत्मविश्वासाने व स्थिर वेगाने आत नेला आणि पहिल्याच वळणावर मागची चाकं खडीवरून खाली चिखलात घातली. पाइपांनी भरलेला ट्रेलर कलला आणि तसाच राहिला. तो बिचारा घाबरून खाली उतरायलाही तयार नव्हता. त्याला तसं शिकवलंच नव्हतं.

अर्धा तास सेफ्टीचा माणूस फोनवर होता. मग त्याने मला विचारलं, "मॅडम, चहा घेणार?" आणि मला घेऊन केबिनमध्ये गेला. मामांकडे त्याने पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. खिडकीतून मी तेवढं पाहत होते. मामा फाटकातून आत आले, गुडघ्यांवर बसून चाकांखाली डोकावले, फळ्या मागवल्या, आपल्या हाताने त्या चाकांखाली बसवल्या आणि त्या ड्रायव्हरला बाजूला सरकवून गाडी आल्या चाकोरीने अगदी इंचाइंचाने मागे घेतली. मग सरळ करून विहिरीपर्यंत नेली, खाली उतरले आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

सेफ्टीच्या माणसाने रिपोर्ट लिहिला: प्रमाणित चालकाने वाहन सुरक्षितपणे पोहोचवले. साक्षीदार म्हणून सही माझी.

ती सही मी का केली, हे पुष्कळ दिवस मी स्वतःला निरनिराळ्या प्रकारे समजावलं. खरं इतकंच की पेन माझ्या हातात दिलं होतं आणि सगळे वाट बघत होते. बाहेर येऊन मी मामांना ते सांगितलं. ते म्हणाले, "पाइप पोंचले ना? सरी, झालें तर." त्यांनी माझ्यासाठी नारळपाणी आणून ठेवलं होतं. ते पिताना मला त्यांच्याकडे बघवेना.

ऑफिसात त्या रिपोर्टचं कौतुक झालं. कोर्स आणखी दोन कंपन्यांनी घेतला आणि मला बढती मिळाली. मामा आता चेन्नईजवळच्या ओरगडमहून नव्या मोटारी नेणाऱ्या लांब ट्रेलरवर आहेत. गेल्या महिन्यात मी तिथे कामाला गेले तेव्हा ते भेटले, आणि माझ्या मुलीला घेऊन घरी जेवायला या म्हणाले. मी येत्या रविवारी जाणार आहे. बढतीचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.