मोगरीची वार आणि माझा बांबूचा पाला

“त्या रेडकाला हात लावलास तर बघ!”

“लावणार! कधीचं जन्मलंय ते. थेंबभर चीक नाय पोटात गेला. मेलं म्हणजे?”

“मरत नाय गो. आधी मोगरीची वार पडू दे. त्याआधी रेडकू आचळाला लागलं तर वार आत अडकते नि म्हैस जाते. मुरबाडला तुझ्या आईने एवढंपण शिकवलं नाय?”

“मला शिबिरात शिकवलंय, आई. पैल्या तासात चीक पाजायचा. तुमालाच कोणी शिकवलं नाय!”

झालं! ही माझी सून सुरेखा. आणि हे ती मला म्हणाली, भर दुपारी, गोठ्याच्या दारात, शेजारची ताराबाई कुंपणावरून ऐकत असताना!

त्या दिवशी मी कशी तोंडावर आपटले ते सांगणारच आहे. पण आधी मी कोण ते ऐका, म्हणजे आवाज केवढा झाला असेल त्याचा अंदाज येईल.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पेंडीच्या गोणीवरची अक्षरं धारा काढता काढता एकेक करून लावली. आज आमचा पाडा वर्तमानपत्र माझ्या तोंडून ऐकतो. डोळखांबकडच्या या डोंगरात वीसेक म्हशी माझ्या हातांवर व्याल्या. गाभण म्हशीला दाणा किती, तिचं दूध कधी आटवायचं, ओला चारा कधी तोडायचा, सगळं बघून बघून शिकले. आणि ही दोन दिवस जनावरांच्या शिबिरात खुर्चीवर बसून आली नि मला विचारते, कोणी शिकवलं!

मी रेडकू उचललं. खांद्यावर घेतलं म्हणा ना! या वयात! पुढच्या खोलीत ठेवलं, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेच्या पिशवीत. कोयता घेतला नि ओढ्यावर गेले. बांबूचा पाला खाऊ घातला की रेडकामागून यायची वार झटकन पडते, हा माझा हुकमी उपाय. ओढा काही जवळ नाही. मीही राग शांत होईपर्यंत तोडत राहिले, त्यामुळे भारा चांगलाच झाला.

परत आले, मोगरीपुढे भारा टाकला. तिने निम्माही संपवला नसेल, वार पडली!

काय सांगू, मी अशी ओरडले की पाड्यातली माणसं धावत आली. “निम्मा भारा! मोजून निम्मा!” मी सगळ्यांना दाखवत होते. ताराबाई म्हणाली, “वैनी, तुमच्या हाताला गुण हाय.” मी म्हटलं, गुण हाताला नाय, अनुभवाला असतो. मग पायरीवर बसून मी चांगलं भाषण दिलं. हल्लीची शिबिरं, हल्लीच्या सुना, कोवळा बांबू नि जून बांबू यांतला फरक, सगळं. सुरेखा अंगण झाडत होती. मान खाली घालून. मी म्हटलं, हरली.

मग मी मोठ्या थाटात कुलूप उघडलं. “चल रे राजा, आता पी हवा तेवढा चीक.”

रेडकाने आचळाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी पुन्हा त्याचं तोंड आचळाला लावलं, त्याने पुन्हा फिरवलं. बोटावर चीक घेऊन तोंडात घातला, तो बाहेर. मग त्याने पाय दुमडले, मान टाकली नि डोळे मिटले.

पायरीवरचं भाषण विसरले. मी तिथेच शेणात बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

आणि बसल्या बसल्या मला ती सगळी रेडकं आठवायला लागली. जांभळीखाली पुरलेली. गेल्या खेपेचं, त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं. दर वेळी मी म्हटलं होतं, अशक्तच जन्मलं, त्याचं आयुष्य तेवढंच. आणि कामाला लागले होते. वार पडायला कधी दुपारची संध्याकाळ व्हायची. तोवर ती रेडकं हंबरायची. मग हंबरायची थांबायची. मला वाटायचं, शहाणी झाली.

“आई, ऐका तरी...” सुरेखा जवळ आली.

“तू बोलू नको! डॉक्टरला फोन लाव!”

“लावते, पण आधी ऐका...”

“फोन लाव म्हणते ना!”

बिचारीने लावला. डॉक्टर आली, माझ्या नातीच्या वयाची पोरगी, गाडीवरून. तोपर्यंत मी तीन देवांना नवस बोलून चौथ्याकडे वळले होते. अख्खा पाडा गोलात उभा. तिने रेडकाचे डोळे पाहिले, पोट दाबलं, शेपटी उचलली. मग माझ्याकडे पाहिलं.

“आजी, याला काय झालेलं नाय. तट्ट पोट भरलंय. झोपलंय ते.”

“पोट कशाने भरलं? कुलपात होतं!”

“पुढच्या दाराला होतं,” सुरेखा म्हणाली. “मागच्या दाराने नेलं मी. तुमी ओढ्यावर होता तेव्हा पोटभर पाजलं नि परत ठेवलं.”

डॉक्टर हसली. “मग वार लवकर पडली असेल! रेडकू प्यालं की गर्भाची पिशवी आकसते, वार सुटायला मदतच होते.”

ताराबाईने हळूच त्या उरलेल्या निम्म्या भाऱ्याकडे पाहिलं. कोणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं, हसणं होतं, मला कळत नाही का?

मी उठले. लुगड्याला शेण, डोळ्यांना पाणी, आणि राग मात्र शाबूत. “माझ्या घरात, माझ्या पाठीमागे?”

“हो, पाठीमागे! तुमच्या पुढ्यात बोलायची टाप कोणाची हाय? गेल्या खेपेचं रेडकू तुमी पुरलं तेव्हा मी गप बसले. चार दिवस मला जेवण गेलं नाय. या खेपेला नाय गप बसले. काढा आता मला घराबाहेर!”

डॉक्टरसुद्धा गाडीची किल्ली हातात धरून उभी राहिली. माझ्याकडे उत्तर एकच होतं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं.

मी म्हटलं, “तुला कशाला गो? पुढची म्हैस व्यायला लागली, की आधी मला घराबाहेर काढ.”