पडलेला गुण्या

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस नाही, फक्त एक लांबलचक दालन आहे. दोन्ही बाजूंना जाड लाकडी बाकं, प्रत्येक बाकाला लोखंड घट्ट धरून ठेवणारा एकेक व्हाइस, आणि पूर्वेच्या भिंतीत छताला टेकलेली उंच खिडकी. फरशीवर तेलाचे डाग, इतके जुने की आता ते फरशीचेच वाटतात. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सकाळचे दहा वाजलेत. खिडकीखाली एक गादीची खुर्ची मांडून ठेवलीय आणि तिच्या पाठीला कुणीतरी हौसेनं कागदाची फुलं चिकटवलीत.

आता डावीकडच्या दारातून प्रवेश. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच म्हातारा, एक हात काठीवर, दुसरा लेकीच्या खांद्यावर. गळ्यात कापडी पिशवी.

"बाबा, पिशवी द्या माझ्याकडे."

"राहू दे."

"आहे काय एवढं तिच्यात? गाडीतही छातीशी धरून बसला होतात."

"हत्यार आहे," म्हातारा म्हणाला. लेक हसली. थट्टा करताना त्यांचा चेहरा हलत नसे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आज ते थट्टा करत नव्हते, हे तिला ठाऊक नव्हतं.

या माणसाला मुलं 'उजेड' म्हणायची. मूळ नाव हजेरीपटावर असेल, पण वसतिगृहापासून कँटीनपर्यंत सगळीकडे उजेडच. पहिल्या वर्षाच्या मुलांना तो फिटिंग शिकवायचा. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि एक कानस हातात द्यायचा आणि सांगायचा, याचा कोपरा काटकोनात आण. मूल आठवडाभर घासायचं, तळहाताला फोड आणायचं आणि मग तुकडा घेऊन खिडकीखाली उभं राहायचं. सर खिशातून गुण्या काढायचे, काटकोन तपासायचं ते पोलादी हत्यार कोपऱ्याला लावायचे आणि दोन्ही मिळून खिडकीकडे धरायचे. गुण्या आणि तुकडा यांच्यामधून केसाएवढाही प्रकाश आला, की दोनच शब्द.

"उजेड दिसतोय."

मग तुकडा भंगाराच्या डब्यात. फिटिंगच्या दिवशी कित्येकांना सकाळी घास जात नसे. एकजण दारातच ओकला होता. वसतिगृहात काहींनी खिडकीला पांघरूण बांधून झोपायला सुरुवात केली होती.

पण माणूस दुष्ट म्हणावा, तर तसाही नव्हता. चौदा वर्षं कारखान्यात फिटर होता, उस्तादाच्या शिव्या खाऊन हात तयार केलेला. कुणाच्या बोटात लोखंडाचा कीस घुसला, तर चष्मा नाकावर घेऊन सुईनं स्वतः काढायचा आणि वर फुंकरही घालायचा. मार्क मात्र अर्धासुद्धा वाढवायचा नाही.

आज सरांच्या सत्काराला जमलेले बत्तीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी होते. केस गेलेले, पोटं आलेली, काहींच्या मुलांचीही शिक्षणं आटोपलेली. सर खुर्चीत बसले आणि एकेक चेहरा न्याहाळू लागले. ते एकालाच शोधत होते. किडकिडीत, चष्मेवाला, डाव्या हातानं कानस धरणारा. मुलं त्याला डावरा म्हणायची.

त्या वर्षी डावऱ्याचा तुकडा सात वेळा भंगारात गेला होता. सातव्या वेळी फोडांवर चिंधी बांधलेला तो पोरगा हळूच म्हणाला होता, "सर, स्टोअरच्या गुण्यानं बघा ना एकदा. त्यानं बरोबर येतंय."

सर म्हणाले होते, "गुण्या चुकत नाही, हात चुकतो. त्यातून तुझा डावा."

वर्ग हसला होता. डावरा नापास झाला. निकालानंतर वडील आले, ट्रंक आणि कॉलेज सोडल्याचा दाखला उचलून त्याला गावी घेऊन गेले.

जूनमध्ये स्टोअरला नव्या गुण्यांचं खोकं आलं. सरांनी सवयीनं आपला गुण्या नव्याला भिडवला आणि खिडकीकडे धरला. मधून उजेड आला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेच. मग त्यांना आठवलं. सरलेलं वर्ष सुरू झाल्यावर महिन्याभरातच गुण्या हातातून निसटून फरशीवर टोकावर पडला होता. विभागप्रमुख दारात उभे होते, घंटा वाजत होती. सरांनी तो पँटला पुसला आणि खिशात टाकला. दरवर्षी पहिल्या तासाला ते स्वतःच शिकवायचे, पडलेला गुण्या आधी तपासा, मग वापरा.

ते विभागप्रमुखांकडे गेले. प्रमुख चहा ढवळत म्हणाले, "निकाल लागलाय. चाळीस पोरांना परत बोलावणार का? आणि तुम्हाला कायम करायची फाइल वर गेलीय. ती परत मागवू?"

लेक तेव्हा तिसरीत होती. सर म्हणाले, "नको."

एवढंच बोलले. डावऱ्याच्या गावी पत्र टाकायला बसले, दोनदा कागद फाडला आणि मग बसणंच सोडलं. तो गुण्या कपाटात गेला. पुढं निवृत्त होईपर्यंत ते प्रत्येक तुकडा दोन गुण्यांनी तपासत. मुलांना वाटे, म्हाताऱ्याचा कडकपणा वाढला.

आणि आज तो गुण्या पिशवीत होता.

भाषणं सुरू झाली. ढोल्या उठला. त्या काळी वर्गातला सगळ्यात जाडा आणि सगळ्यात वात्रट, आज स्वतःच्या कारखान्याचा मालक.

"सर, आज गुपित फोडतो. मारायचं नाही हं. आमच्यापैकी कुणाचाच कोपरा काटकोनात आला नव्हता."

हशा पिकला. सरांनी मान वर केली.

"भंगारात टाकलेला तुकडा आम्ही गुपचूप परत काढायचो आणि तुम्ही जिथं उजेड दाखवला असेल, तिथं खूण करायचो. मेणबत्तीच्या मेणात लोखंडाचा कीस कालवायचा, फटीत भरायचा, वर बोट फिरवायचं. दुसऱ्या खेपेला उजेड गायब. सगळा वर्ग त्या मेणावर पास झाला, सर."

"सगळा?"

"डावरा सोडून. त्याला मीच मेण नेऊन दिलं होतं. म्हणतो कसा, माझा बरोबर आहे. हट्टी बैल."

लोक डोळे पुसत हसत होते. सरांनी काठी फरशीवर टेकली आणि उभे राहिले.

"तो आलाय का?"

हसू ओसरलं. मागच्या बाकावरून एक गंभीर चेहऱ्याचा माणूस उठला. तो डावऱ्याचा वसतिगृहाच्या खोलीतला सोबती.

"अकरा वर्षं झाली सर, त्याला जाऊन. काविळीनं गेला. वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसायचा."

"हातानं काही करायचा?"

"नाही. घरात साधा खिळा ठोकायचा असला तरी सुताराला बोलवायचा. बायको थट्टा करायची. तो म्हणायचा, माझा हात वाकडा आहे, कॉलेजनं तपासून दिलाय."

सरांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला गुण्या काढला. लेक जवळ आली, त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

"ढोल्या, पेन्सिल."

बाकाच्या सरळ कडेला त्यांनी गुण्या लावला. एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा केला, त्याच ठिकाणाहून दुसरी ओढली. गुण्या खरा असेल तर दोन रेघांची एकच होते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाकाजवळ गर्दी झाली. खाली एक रेघ होती. वर जाता जाता तिच्या दोन झाल्या होत्या.

"जुना झालाय सर," ढोल्या हळू आवाजात म्हणाला. "इतक्या वर्षांत वाकला असेल."

"त्याच वर्षी पडला होता. मला जूनमध्ये कळलं. मी गप्प बसलो." सर ढोल्याकडे बघत होते. "तुम्ही माझ्या वाकड्या गुण्याला बसेल असं मेण भरलंत. खरा काटकोन वर्गात एकानंच आणला होता."

"सर, आता जाऊ द्या ना," कुणीतरी म्हणालं. "आम्ही तुमच्यामुळेच घडलो."

सरांनी गुण्या परत फडक्यात गुंडाळला, गाठ मारली, आणि बाकांच्या मधून एकटेच चालत खोलीतल्या सोबत्यापर्यंत गेले.

"घरी कोण आहे त्याच्या?"

"बायको. एक मुलगी. गावीच असतात, इथून सहा तासांवर."

"बाबा, सहा तासांचा रस्ता आहे," लेक मागून म्हणाली. "डॉक्टरांनी तुम्हाला..."

सरांनी खिशातून पेन काढून त्या माणसाच्या हातात ठेवलं.

"पत्ता मोठ्या अक्षरांत लिही. आणि मी काय सांगायला येतोय, ते फोन करून आधी सांगू नकोस. ते मी सांगेन."