कोरीटच्या पेटीतला चांदीचा डॉलर

नाशिकहून साक्रीमार्गे नंदुरबारला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा पिशवीत तीन मौल्यवान वस्तू होत्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरे सुती हातमोजे आणि बायकोने बांधून दिलेल्या दशम्या. बायकोच्या मते मौल्यवान फक्त शेवटची.

मी निवृत्त गणितशिक्षक. आयुष्यभर मुलांना शंभरपैकी गुण दिले, आता जुन्या नाण्यांना सत्तरपैकी देतो. अमेरिकेतल्या जुन्या नाण्यांची परीक्षा सत्तर गुणांचीच असते. पैकीच्या पैकी सहसा कोणालाच मिळत नाहीत. माझ्या वर्गातही मिळत नसत.

कोरीटच्या भरत पाटलांनी आमच्या नाणीवाल्यांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. पारदर्शक, जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेला चांदीचा डॉलर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असे डॉलर टांकसाळीतून निघाले आणि त्यांतले कितीतरी बाजारात न जाताच सरकारी खजिन्यात पडून राहिले, पोतीच्या पोती. पुढे कितीतरी वर्षांनी सरकारने ते एकेक करून अशा पेट्यांत घातले आणि लोकांना विकले. ज्याची पेटी उघडलेली नाही त्याची शान वेगळीच. भरतची बहीण सुनंदा तिकडे नर्स आहे. पहिल्या पगारातून तिने हा डॉलर आईसाठी पाठवला. पण नंदुरबारच्या एका सराफाने तो बघताच हसून परत केला. शंभर वर्षांचं नाणं आणि अंगावर झीज नाही म्हणजे खोटंच, असं त्याचं म्हणणं.

मी खरंखोटं करायला निघालो होतो हे खरं, पण पूर्ण खरं नाही. माझ्याकडे तीन डॉलर आहेत, पण फोटोत जिची खूण दिसत होती त्या टांकसाळीचा एकही नाही. अस्सल निघाला तर गोड बोलून विकत मागावा, असा माझा बेत होता.

नंदुरबारच्या स्टँडवर भरत मोटारसायकल घेऊन उभा होता. तिशीतला, कमी बोलणारा माणूस. गावाबाहेर पडलो आणि मिरचीच्या पथारी (मिरची वाळवायची मोकळी मैदानं) लागल्या. नजर पोचेल तिथवर लाल जमीन, आणि तोंडाला फडकी बांधून मिरची हलवणाऱ्या बाया. मला राहवेना. गाडी थांबवायला लावली, एक मिरची उचलली, मोडून वास घेतला. सात शिंका आल्या. आठवी येताना मी त्याच हाताने डोळे चोळले.

कोरीटला पोचलो तो परीक्षक आंधळा. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ओसरीत नुकत्या वेचलेल्या कापसाचा छातीएवढा ढीग होता. भरतच्या आईने, इंदूमावशींनी, त्यातलाच मूठभर कापूस उपटला, सरकी काढून टाकली, बोळे थंड दुधात बुडवून माझ्या डोळ्यांवर ठेवले आणि मला खाटेवर आडवं केलं. पाहुणा घरात शिरताच झोपला, असा प्रकार मी तरी पहिल्यांदाच केला. भरत पाण्याची मोटार बंद करायला शेतात गेला.

मला काही दिसत नव्हतं म्हणूनच बहुधा मावशींना बोलणं सोपं गेलं. सुनंदा फोनवर दर वेळी विचारते, आई, नाणं कुठे ठेवलंस? आणि मावशी सांगतात, देव्हाऱ्यात. खरं म्हणजे सराफ हसल्यापासून ते धान्याच्या कोठीमागे फडक्यात बांधून ठेवलेलं. दिवाळीला पोर घरी येणार होती. तिने खोटं पाठवलं असं मावशींच्या मनातही नव्हतं. ती परमुलखात एकटी, तिला कोणीतरी फसवलं असेल आणि आता आपल्यामुळे ते तिला कळेल, याचा त्यांना घोर लागला होता.

"खोटं निंघनं ते माले एकलीलेच सांगा, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. (खोटं निघालं तर मला एकटीलाच सांगा.) "भरतले बी कळाले नको. तो लगेच बहीनले फोन लावी दी."

मी मान हलवली. डोळ्यांवर बोळे होते ते बरं झालं. मागायचा बेत करून आलेल्या माणसाला त्या वेळी कोणाच्या नजरेला नजर देववली नसती.

दुपारी डोळे उघडले. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर कांद्याची पात. ठेचा मी नम्रपणे नाकारला, तेव्हा भरत पहिल्यांदा हसला. मग अंगणात, कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला, उजेड तिरपा पडेल अशी खाट ओढली, हातमोजे चढवले आणि पेटी हातात घेतली.

परीक्षेची माझी रीत ठरलेली आहे. आधी नाण्यावरच्या बाईचा गाल, मग कानावरचे केस, मग उलट्या बाजूच्या गरुडाची छाती. झीज तिथे आधी दिसते. गालावर बारीक ओरखडे होते; पोत्यात नाणी एकमेकांवर आपटतात त्याचे. केस धारदार. गरुडाच्या छातीवरचं पीस न् पीस शाबूत. गरुडाखाली टांकसाळीची खूण जिथल्या तिथे. पेटीही अस्सल, सांध्याला कोणी हात लावलेला नाही.

मावशी केव्हाच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. गालाकडे त्यांनी बघितलंच नाही.

"इन्हा केसमा ते कपाशी शे," त्या म्हणाल्या. "दखा, बोंडं फुटेल शेतस. आनि हाऊ गहू."

मी भिंग जवळजवळ हिसकावूनच घेतलं. बाईच्या टोपीवर गव्हाच्या ओंब्या होत्या आणि त्यांच्याशेजारी कापसाची उमललेली बोंडं. माझ्या घरी अशा तीन बाया आहेत. पंधरा वर्षं मी त्यांचे गाल तपासतोय. केसांत काय माळलंय ते मला कधी दिसलं नव्हतं. फार शरम वाटली.

"मावशी, नाणं अस्सल आहे," मी भरतसमोरच मोठ्याने म्हणालो. "ते बाजारात फिरलंच नाही, खजिन्यात पडून होतं, म्हणून कोरं आहे. सुनंदाताई फसल्या नाहीत."

मावशींनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने डोळे पुसले आणि भरतला म्हणाल्या, पेचकस आण.

मी खाटेवरून उठलोच. पेटी उघडली की अर्धी शान गेली, सरकारी मोहोर गेली, जगात अशा न उघडलेल्या पेट्या आता किती उरल्या असतील, असं सगळं एका दमात सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इतला वरीस सरकारनी कोंडी ठेयी," त्या म्हणाल्या. "आते मी बी कोंडी ठेऊ का?" (आता मीही कोंडून ठेवू का?)

भरतचा हात चालेना. शेवटी पेचकस मीच घेतला. तो कडकन् आवाज अजून माझ्या कानात आहे. नाणं मी कडेने धरून त्यांच्या तळहातावर ठेवलं, आणि त्यांनी सरळ अंगठा गालावरून फिरवला. मी डोळे मिटून घेतले. मग नाण्यावरच्या बाईच्या कपाळावर कुंकू लागलं, आणि ती ओसरीतल्या कापसाच्या ढिगावर जाऊन बसली. विकत मागायचं बोलणं राहूनच गेलं. संध्याकाळच्या गाडीने परत निघालो, पिशवीत मावशींनी घातलेली मिरची होती, तीन पदरी कापडात बांधून.

दिवाळीत भरतचा फोन आला. मग फोन मावशींनी घेतला. सुनंदा आली होती. पेटी का उघडली, म्हणून तीही थोडी रुसली होती म्हणे.

"मी सांगं तिले," मावशी म्हणाल्या, "तू घर उनी, मंग हाई काबरं डबीमा ऱ्हाई?" (तू घरी आलीस, मग हिने का डबीत राहायचं?)

मागून एका मुलीचं हसणं ऐकू आलं.

फोन ठेवला आणि कपाटातून माझे तिन्ही डॉलर काढले. खिडकीपाशी बसून भिंग लावलं, आणि या वेळी गाल सोडून थेट केसांकडे बघितलं. तिघींच्याही केसांत कपाशी होती. बायकोला हाक मारून दाखवली.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली.