व्हॉलला लावलेलं तेल

निजामाचं राज्य जाऊन दुसरा उन्हाळा चालू होता. चारठाण्याच्या वायरलेस पोस्टवर आम्ही दोघंच. लान्स नायक बाबूराव, गाव झरी. आणि मी, शिपाई मारुती, पालमकडचा. एक तंबू, एक सेट, एक सायकल. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सेटवर जिंतूरशी बोलायचं. मधला दिवस सरता सरायचा नाही, आणि बाबूराव तर मुलखाचे अबोल.

सायकल माझ्या ताब्यात. रोज साडेपाचला हवा भरायची. तेव्हाचा व्हॉल म्हणजे पितळी नळी, तिच्यावर बोटाच्या पेराएवढी बारीक रबरी नळी चढवायची. हवा आत जायची, रबर तिला परत येऊ द्यायचं नाही.

रबर चढवताना बाबूराव थुंकी लावायचे. मला किळस यायची. रायफलला तेल लावून लावून हाताला तीच सवय. मी व्हॉललाही तेल लावलं. रबर सुळकन चढलं. वर शहाणपणा असा, की रबराचे जादा तुकडेही तेलाच्या बाटलीबरोबर एकाच थैलीत ठेवले.

बाबूरावांनी पाहिलं.

"तेल लावायलास का रे?"

"सगळ्यालाच लावतो, उस्ताद."

"ही रायफल न्हाई. तेलानं रबर सडतंय. बदल ते."

"जी," म्हणालो आणि बदललं नाही. लय अक्कल होती ना मला!

आठवड्याने, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, सरपण उचलताना बाबूरावांच्या हाताला साप चावला. मी रुमालाने दंड आवळला, सेट चालू केला.

"हॅलो जिंतूर, हॅलो जिंतूर. ओव्हर."

तीनदा बोललो. नुसती खरखर. ठरलेल्या वेळेशिवाय तिकडे कोण बसणार?

दवाखाना जिंतूरला, बारा मैल. गावचा कोतवाल सांभा बाबूरावांजवळ बसला. मी सायकल काढली.

"हवा बगितली का?" बाबूरावांनी विचारलं.

"बघितली, उस्ताद."

अंगठ्याने टायर दाबलं होतं, कडक लागलं. व्हॉल उघडून पाहिला नव्हता.

"मग नीघ."

पाचव्या मैलावर मागचं चाक बसलं. व्हॉल उघडला. रबर काकवीसारखं चिकट होऊन बोटाला आलं. थैलीतले तुकडेही तसेच. तरी पंप मारत राहिलो. हवा भरली तशी निघून जायची. मेंढ्या घेऊन चाललेला एक धनगर थांबला. त्याला सांगितलं काय झालंय ते.

"आवो, मग हवा काय भरत बसलाव? पळा की! सायकल मी बगतो."

पळालो. सात मैल, बुटासकट. दवाखान्यात पोचलो तेव्हा पाचला दहा कमी. डॉक्टरांची जीप साडेपाचला तंबूपाशी आली. बाबूराव पाचला गेले होते. सायकल चालली असती तर जीप सव्वाचारलाच आली असती.

सांभा म्हणाला, "सारकं रस्त्याकडंच बगायलता. मारुती येईल, मारुती येईल म्हनायलता."

सहाला सेटवर जिंतूर आलं.

"चारठाणा, रिपोर्ट. ओव्हर."

"लान्स नायक बाबूराव एक्सपायर. ओव्हर."

घरी पाठवायला त्यांचं सामान बांधलं. खिशात काड्यापेटी निघाली. बाबूराव विडी ओढत नसत. उघडली. कोरड्या राखेत जपून ठेवलेले व्हॉलच्या रबराचे चार तुकडे. "उघडून बघितला नाही," एवढं मी खरं बोललो असतो, तर ती पेटी त्यांनी तेव्हाच माझ्या हातात दिली असती.

बदलीचा माणूस यायला अठरा दिवस लागले. तोवर मी एकटा. सेटवर "ऑल ओके" म्हणायचो आणि तंबूत बसून रडायचो. धनगराने आणून दिलेल्या सायकलला साडेपाचला थुंकी लावून रबर चढवायचो. विचारायला मागे कोणी नसायचं.

लान्स नायक बाबूराव, गाव झरी. आजही सायकल काढण्याआधी मी मोठ्याने म्हणतो, "व्हॉल उघडून बघितला, उस्ताद." नातवंडं हसतात. हसोत बापडी.