नंदाताईंची नजर आणि कंपनीचा मेमो

सेल लागला की दुकानातला माल संपतो, किस्से मात्र साठतच जातात! आमच्या परदेशी कंपनीने स्वस्त कपड्यांचं भारतातलं पहिलं दुकान पुण्यात, नगर रोडच्या मॉलमध्ये उघडलं. "नोकऱ्याच नोकऱ्या!" अशी जाहिरात होती. मला ट्रायल रूमच्या दारात टोकन द्यायचं काम मिळालं, लोणी काळभोरच्या नंदाताईंना कपडे दाखवायचं. तीन महिने प्रोबेशन, मग पक्कं. तीन मेमो मिळाले तर घरी.

*

पहिला नियम, गिऱ्हाईक दिसलं की हसून "हाय" म्हणायचं. पहिले आले ते पेठेतले एक आजोबा.

"हाय सर!" मी हसले.

"आपली ओळख आहे का?"

"नाही."

"मग हसताय कशाला?"

तेवढ्यात नंदाताई म्हणाल्या, "या काका. छत्तीसची प्यांट ना? तिकडं हाय."

आजोबा चाट! "हे माझ्या शिंप्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं!"

*

ताईंनी लक्ष्मी रोडच्या कापड दुकानात वीस वर्षं काढलेली. तिथे टेप काढावी लागणं म्हणजे कमीपणा, माप नजरेनेच घ्यायचं. इथे मात्र दुसरा नियम होता, साइझ आपण सांगायची नाही.

मॅनेजर साहिल सरांनी त्यांना बोलावलं. "ताई, कस्टमरला इन्सल्ट वाटतो."

"आन् घरी जाऊन बटण लागंना, तवा काय वाटतं? इचारलं का कधी?"

पहिला मेमो.

*

हिंजवडीतला एक आयटीवाला मुलगी बघायला जाणार होता. शर्ट स्मॉलच हवा म्हणून हटून बसला.

"मीडियम घे बाळा. तिथं पोहे खायचेत."

ताईंना दुसरा मेमो मिळाला. महिन्याभराने तोच मुलगा एका मुलीला घेऊन आला.

"ताई, आता हिची साइझ सांगा!"

ताईंनी सांगितली. तिसरा मेमो!

मला संतापच आला. नोकरी दिली म्हणून माणसाची नजरही विकत घेतली का यांनी?

*

प्रोबेशनच्या शेवटच्या दिवशी परदेशातून मोठे साहेब आले. ताईंना काढल्याचं पत्र साहिल सरांच्या हातात तयार होतं, फक्त साहेबांची सही बाकी. साहेबांच्या अंगात कंपनीचाच शर्ट होता.

ताईंनी एकदाच पाहिलं. "साहेब, एक नंबर मोठा घातलाय. खांदे बगा कुठं चाललेत!"

सरांनी हातातल्या पत्रात डोकं घातलं. मग मीच ताईंचं बोलणं साहेबांना इंग्रजीत सांगून टाकलं. काढायचं तर दोघींनाही काढा!

ताईंनी दिलेला शर्ट घेऊन साहेब ट्रायल रूमकडे आले. मी त्यांना टोकन दिलं, नियम म्हणजे नियम.

"ताई, लवकर सॉरी म्हणा," सर पुटपुटले.

"कशापायी? भाईर तर येऊ द्या."

साहेब बाहेर आले. आरशासमोर पुढून पाहिलं, वळून मागून पाहिलं. मग साहिल सरांचा दंड धरून त्यांना ताईंसमोर उभं केलं आणि भुवया उंचावल्या.

ताईंनी सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्यांना डबल एक्सेल. लार्जमधी जीव गुदमरतोय, म्हणून तर दिवसभर मेमो लिवत बसत्यात!"