"वर" म्हणालो, दांडी खाली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या विलासला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्याला ओळखत नाही — म्हणून असेल. इथेही भित्रेपणाच, बघा.

आमच्याकडे वडिलांची जुनी फोर्ड आहे, स्वातंत्र्याआधीची. गिरगावात वाडीतून बाहेर काढली की माणसं हातातला चहा विसरतात. ती अजून हँडल मारूनच सुरू होते. एकाने पुढून लोखंडी हँडल फिरवायचं, पण त्याआधी आत बसलेल्याने स्टिअरिंगखालची छोटी दांडी वर करायची. दांडी खाली राहिली तर इंजिन झटका मारतं आणि हँडल हातातच उलटं फिरतं. म्हणून वडिलांनी रिवाज घालून दिलेला — हँडलवाला विचारणार, "वर?" आतल्याने दांडीला हात लावून बघायचं, मगच सांगायचं, "वर!" एवढंच तर काम होतं माझं. एवढंच!

विलास करी रोडचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. गाडीचं वेड दोघांना सारखंच, फक्त गाडी माझी. आणि पखवाज? भजनात तो वाजवायला बसला की म्हातारे टाळ थांबवून ऐकत राहायचे.

त्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती, सगळे परळला जमलेले. मी टोपीबिपी घालून मालकाच्या ऐटीत बसलेलो. कुणीतरी फोटो काढत होतं. विलासने पुढून विचारलं, "वर?" आणि मी — फोटोवाल्याकडे बघत — म्हणालो, "वर!"

दांडी खाली होती.

हाड मोडल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. सगळे विलासकडे धावले. आणि मी पहिलं काय केलं, माहितेय? दांडी गुपचूप वर केली. मित्राआधी दांडी! मग उतरलो. कुणीतरी म्हणालं, अंगठा आत घेतला असणार — हँडलला अंगठ्याचा विळखा घालायचा नाही, हाही नियमच. आणि मी लगेच म्हणालो, "हो ना, कितीदा सांगितलं ह्याला!"

धडधडीत खोटं. विलासला कधी सांगायची वेळच आली नव्हती. पण त्या कळांमध्ये त्याला स्वतःलाही काही आठवेना — त्याने माझंच खरं मानलं.

मनगट जुळलं, पण धड वळत नाही. पखवाज त्याने पुतण्याला देऊन टाकला. नवीन कुणी आलं की हसत हात दाखवतो, "माझाच गाढवपणा रे, अंगठा आत घेतला." मी शेजारीच उभा असतो. लाज वाटते म्हणू? वाटते, खूप वाटते. पण ती घेऊन इतकी वर्षं गाडी मिरवलीच ना मी?

गेल्या रविवारी माझी मुलगी पहिल्यांदा आत बसली. हँडलवर मी, बाजूला विलास. मी विचारलं, "वर?" ती वाकली, दांडी हाताने चाचपली, आणि मग म्हणाली, "वर!"

विलास केवढा खूश झाला. "बापावर गेलीस हो, बाय," म्हणाला. "त्यानेपण न बघता कधी सांगितलं नाही."

मी अंगठा बाहेर ठेवला आणि हँडल फिरवलं.